कोण, कोणास म्हणाले?

मराठी शाळेतून पार पडलेल्या माणसाचा काही प्रश्न जन्मभर पिच्छा सोडत नाहीत. 'गाळलेल्या जागा भरा' हा त्यांतला सौम्य. 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' हा जरा उग्र. आणि 'कोण, कोणास म्हणाले?' हा दिसायला गरीब, पण खरा ठकसेन! वाक्य पाठ असायचे. ते कोण म्हणाले, हेही डोके खाजवून आठवायचे. गाडे अडायचे ते 'कोणास'पाशी. अर्धा गुण तिथे जायचा, आणि घरी प्रगतिपुस्तक दाखवताना त्या अर्ध्या गुणाचाच हिशेब मागितला जायचा.

पुढे संगणकाच्या धंद्यात सारी नोकरी गेली, तेव्हा कळले की हा प्रश्न यंत्रालाही पडतो. किंबहुना तो त्याला आपल्यापेक्षा जास्त छळतो. एका यंत्राला दहावीस माणसे जोडायची, त्यांनी आपापल्या जागी बसून लिहायचे, इतरांनी ते वाचायचे, त्याला उत्तर द्यायचे, उत्तराला प्रत्युत्तर द्यायचे, अशी सोय करायला बसा, म्हणजे पहिल्या कागदावर हाच प्रश्न उमटतो. शब्द साठवणे सोपे आहे. ते कुणाचे, हे साठवणेही कठीण नाही. ते कशाला उत्तर म्हणून आले, हे कुठे आणि कसे लिहून ठेवायचे, यात सगळी मेख आहे.

१९८८ साली मी फोर्टातल्या एका कंपनीच्या संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे एक वातानुकूलित खोली, एक यंत्र आणि त्याला जोडलेली बारा टर्मिनले. यंत्राची साठवणशक्ती ८० मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेले वीसेक फोटो तिच्यात ठेवले तर ती भरून वाहील. पण तेव्हा आम्ही परगावच्या पाहुण्याला ते यंत्र राणीच्या बागेसारखे दाखवायला नेत असू. कंपनीत कुठलाही निर्णय व्हायचा म्हणजे एक पिवळी फाईल मजल्यामजल्यांवरून फिरायची. जो तो समासात आपले मत लिही. तीन आठवड्यांनी फाईल परत येई तेव्हा चारही समास भरलेले असत, आणि 'मी याच्याशी सहमत नाही' या वाक्यातला 'याच्याशी' म्हणजे कशाशी, हे सांगायला ब्रह्मदेव उतरला असता तरी त्याने रजेचा अर्ज दिला असता. साहेबांनी मला बोलावले आणि म्हणाले, "हे यंत्रावर आणा."

'हे' म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितले नाही. परंपराच तशी होती!

आमचे बिऱ्हाड तेव्हा फणसवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. रात्री जेवणे आटोपली की मी गॅलरीत सतरंजी टाकून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन काढीत बसे. समोर अण्णा, म्हणजे माझे वडील, आरामखुर्चीत. ते सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून म्हणून लागले आणि त्याच टेबलावरून निवृत्त झाले. यंत्र म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर शिवणयंत्र येई. दोन दिवस त्यांनी माझे चौकोन पाहिले आणि तिसऱ्या दिवशी विचारले, "काय रे हे?"

मी जमेल तसे समजावून सांगितले.

"म्हणजे आवकेचं रजिस्टर," अण्णा म्हणाले. "त्यात काय एवढं? कागद आला की आधी नंबर. नंबर पडेपर्यंत कागद जन्मालाच आला नाही असं धरायचं. मग तारीख. मग कोणाकडून. मग विषय. आणि संदर्भ."

"संदर्भ कशाला?"

"अरे, 'आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक' असं वर लिहीत नाहीत का? ज्याला संदर्भ नाही, तो नवा विषय. ज्याला आहे, तो आपल्या नंबराच्या मागं जाऊन उभा राहतो. आमच्याकडे तीस वर्षांपूर्वीचा कागद मी पाच मिनिटांत काढून देत असे."

अण्णांनी जे सांगितले, त्याला संगणकाच्या पुस्तकांत मोठमोठी नावे आहेत. मी ती त्यांना सांगितली नाहीत. पण दुसऱ्या दिवशी माझा आराखडा तयार झाला. लोकांचा मजकूर लहानमोठा असायचा, म्हणून तो एका फाईलीत ओळीने टाकीत जायचा. आणि शेजारी एक सूची ठेवायची. सूचीतली प्रत्येक नोंद बरोबर ६४ बाइटांची, एकही कमी नाही की जास्त नाही. तीत क्रमांक, तारीख, लिहिणाऱ्याचे नाव, विषय, मजकूर कुठे सुरू होतो, किती लांब आहे, आणि शेवटी संदर्भ-क्रमांक. संदर्भ शून्य असेल तर नवा विषय. सगळ्या नोंदी एकाच मापाच्या असण्यात मोठा फायदा असतो. ४१२ वी नोंद हवी असेल तर आधीच्या ४११ नोंदी चाळत बसावे लागत नाही. ४११ ला ६४ ने गुणले की २६,३०४ व्या बाइटवर नेमके बोट पडते. अण्णांचा कागद पाच मिनिटांत सापडे तो याच न्यायाने.

खोडण्याचे काय करायचे, हाही प्रश्न होता. रागाच्या भरात लिहिलेले माणसाला सकाळी पुसावेसे वाटते. अण्णांचा नियम कडक होता. "खोडायचं नाही. तांबड्या शाईनं आडवी रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि खालचं वाचता आलं पाहिजे. नंबर तर मुळीच पुन्हा वापरायचा नाही." मी थोडी सवलत दिली, मजकूर दिसेनासा होई, पण नोंद आणि क्रमांक जागच्या जागी राही. नाहीतर त्याला उत्तर देणारे पाचजण हवेत लोंबकळत राहिले असते.

आमच्याच वेळी हे घडत होते असे मात्र नव्हे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची मोठी शिक्षणयंत्रणा होती. एका यंत्राला शेकडो टर्मिनले, आणि त्यांचे पडदे नारिंगी उजेडाचे. तिथे तक्रारी आणि सूचना लिहायला आधी एक उघडी फाईल ठेवलेली होती. कुणीही यावे, लिहावे. आणि कुणीही यावे, दुसऱ्याचे पुसावे किंवा त्याच्या नावावर आपले दडपून द्यावे! १९७३ साली डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या पोराने तिथे 'नोट्स' हा कार्यक्रम लिहिला. त्यात नाव, तारीख आणि वेळ यंत्र स्वतः घाली. लिहिणाऱ्याच्या हातात ते ठेवलेच नाही. दुसऱ्याच्या मजकुराला हात लावता येईना. एका टिपणाखाली ६३ पर्यंत उत्तरे जोडता येत. ६३ हा आकडा ऐकला की माझ्या धंद्यातला माणूस गालात हसतो, कारण शून्य आणि एक यांचीच बाराखडी असलेल्या यंत्राला सहा घरे दिली तर त्यांत ० ते ६३ एवढेच आकडे मावतात.

उलट शिकागोचे उदाहरण पाहा. १९७८ च्या हिवाळ्यात बर्फाने शहर बंद पडले, तेव्हा वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी घरबसल्या एक संगणकी सूचनाफलक रचायला घेतला आणि १६ फेब्रुवारीला तो सुरू केला. पण टेलिफोनची तार एकच. एकाने ठेवल्याशिवाय दुसऱ्याचा फोन लागत नसे. त्यामुळे त्यांना एक चिंता नव्हती जी आम्हा बारा टर्मिनलवाल्यांना होती.

ती चिंता गिरगावकराला समजावून सांगावी लागत नाही. चाळीत न्हाणी एक आणि बिऱ्हाडे आठ. सगळे सुरळीत चालते ते एका कडीमुळे. आत माणूस गेला, कडी लागली, बाहेरच्यांनी बादल्या ठेवून थांबावे. यंत्रातही तेच. दोघांनी एकाच क्षणी 'शेवटचा क्रमांक किती?' असे विचारले आणि दोघांनाही '४१२' हे उत्तर मिळाले, तर दोघेही आपला मजकूर ४१३ म्हणून लिहून मोकळे होणार, आणि नंतर लिहिणारा आधीच्याला गिळून टाकणार. म्हणून क्रमांक मागण्यापूर्वी कडी लावायची, नोंद लिहून झाली की काढायची. मजकूर मात्र बाहेरच लिहून आणायचा. आत बसून विचार करणाऱ्याचे चाळीत काय स्वागत होते, हे मी दिवाळी अंकात लिहीत नाही. कड्या दोन असल्या की आणखी गंमत. एकाने बादली धरली आहे आणि तो तांब्याची वाट पाहतो आहे. दुसऱ्याच्या हाती तांब्या आहे आणि तो बादलीची. दोघेही सभ्य, त्यामुळे दोघेही दुपारपर्यंत उभे! यावर उपाय एकच: सगळ्यांनी आधी बादली, मग तांब्या, हा क्रम मोडायचा नाही.

खरा वाद झाला तो दाखवण्याचा. संदर्भ साठवले की चर्चेचे झाड होते. एका बोलण्याला तीन उत्तरे, त्यांतल्या दुसऱ्याला आणखी दोन. हे झाड ऐंशी अक्षरे रुंद आणि चोवीस ओळी उंच पडद्यावर कसे दाखवणार? प्रत्येक पिढी थोडी उजवीकडे सरकवत गेलो, तर दहाव्या पिढीला बिचारी वाक्ये उजव्या भिंतीला चिकटून, आमच्या जिन्यातल्या भाडेकऱ्यांसारखी एकमेकांना वाट देत उभी राहिली. वूलीने सरळ रांग पत्करली होती: मूळ टिपण आणि खाली येतील त्या क्रमाने उत्तरे. रांग वाचायला सोपी, सभेसारखी वाटते. आमच्या कंपनीतही साहेबांना रांग आवडे, हिशेब खात्याला झाड. मी दोन्ही सोयी ठेवल्या. पण साठवणीत झाडच ठेवले आणि त्याबाबतीत कुणाचे ऐकले नाही. कारण साधे आहे. झाड असले की तारखेप्रमाणे लावून त्याची रांग केव्हाही करता येते. रांगेचे झाड करता येत नाही. 'कोणास' हे एकदा टाकून दिले की ते परत मिळवायला फक्त तर्क उरतो, आणि तर्क हा ज्याच्या त्याच्या सोयीचा असतो.

त्याच सुमारास, एका शिक्षणसंस्थेतल्या स्नेह्याकडे, मी प्रथम 'युजनेट' पाहिले. जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था (पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली) आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात १९८७ च्या सुमारास 'अर्नेट' योजनेखाली संगणकी टपाल सुरू झाले होते. पुढे १९८९ च्या सुमारास मुंबईहून अमेरिकेपर्यंत सेकंदाला ९,६०० बिटांची तार जोडली गेली. जुहूचे पत्र पवईला जायला तोवर पोस्टमन लागत असे. आता व्हर्जिनियाचे पत्र चहा निवायच्या आत येऊ लागले. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळायला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला.

युजनेटची कल्पना १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांची. शेजारच्या विद्यापीठातला स्टीव्ह बेलोविन त्यांना मिळाला. इथे एक यंत्र नव्हतेच. हजारो यंत्रे, प्रत्येकाकडे सगळ्या पत्रांची आपली प्रत. त्यामुळे अण्णांचा नंबर इथे लंगडा पडला. जे पत्र एका यंत्रावर ४१२ वे, तेच दुसऱ्यावर ९,०३७ वे. मग १९८३ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक पत्राला एक जगावेगळे नाव आले, ज्यात ते जन्मले त्या यंत्राचे नाव गुंफलेले असे. म्हणजे नुसते 'गणपत' न म्हणता गाव, वाडी आणि घर सांगावे तसे. आणि उत्तरादाखल लिहिलेल्या पत्राच्या माथ्यावर एक ओळ आली. तिचे नाव इंग्रजीत होते, पण अर्थ शब्दशः अण्णांचाच: 'संदर्भ'.

त्या ओळीत नुसता बापच नव्हे, तर आजा, पणजाही लिहीत. मला ते वाचताना श्राद्धाचे गुरुजी आठवले. पिता, पितामह, प्रपितामह. गुरुजी तीन पिढ्या विचारतात त्यामागे काय शास्त्र असेल ते असो, यंत्रामागचे कारण अगदी व्यवहारी आहे. जागा पुरत नसे म्हणून जुनी पत्रे काही दिवसांनी पुसली जात; कधी उत्तर आधी पोहोचे आणि मूळ पत्र वाटेतच असे. बाप सापडला नाही तर पोराला आजाच्या शेजारी बसवायचे आणि मध्ये एक रिकामा पाट मांडून ठेवायचा. बाप उशिरा आला तर त्याची जागा तयार!

कुणी काय वाचले, हे ठेवण्याची त्यांची युक्ती तर मला फारच आवडली. पाचशे पत्रे आणि चाळीस वाचक असतील, तर प्रत्येक पत्रावर प्रत्येक वाचकाची खूण म्हणजे वीस हजार खुणा. त्याऐवजी प्रत्येक वाचकाजवळ एकच ओळ: '१-४१२, ४१५'. म्हणजे ४१२ पर्यंत सगळे वाचून झाले, शिवाय मधली दोन सोडून ४१५ वे. पोथीत मोरपीस ठेवावे, तशी ही खूण वाचकाच्या घरी राही. पोथीला तिचा भार नाही. नव्वदच्या दशकात याच युजनेटवर मराठी माणसांचाही एक गट झाला. घरापासून दूर गेलेली मंडळी तिथे रोमन लिपीत मराठी लिहीत, आणि पुरणपोळीचे स्पेलिंग काय असावे यावर जी भांडणे होत, ती ऐन पुण्यातही शोभली असती. १९९६ च्या गणेशचतुर्थीला 'मायबोली' निघाली आणि त्या गप्पांना 'हितगुज' नावाचा हक्काचा ओटा मिळाला.

हे सगळे आज आठवण्याचे कारण आमच्या चाळीतल्या माई.

आमच्या चाळीचा पुनर्विकास व्हायचा आहे. गिरगावात आता कुणाच्या होत नाही? निम्मी बिऱ्हाडे डोंबिवली-विरारला, एकदोन मुले परदेशी. तेव्हा चर्चेसाठी मोबाइलवर गट केला गेला. त्यात सगळे बोलणे एकाच रांगेत, एकाखाली एक. बोटाने धरून आधीच्या वाक्याला उत्तर जोडता येते म्हणतात, पण सत्तरी ओलांडलेल्या आमच्या मंडळींत ते कोण करणार? गेल्या वर्षी, कोजागिरीच्या आधी, एका रात्री आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी कुणी विचारले, "कोजागिरीला दुधाबरोबर भेळ चालेल का?" माई ८१ वर्षांच्या. एकट्या राहतात. एकेक अक्षर शोधून, चष्मा पुसून, पुन्हा शोधून त्या टंकतात. तोवर त्रेचाळीसला दुसऱ्या कुणी विचारले, "बांधकाम होईपर्यंत भाड्याऐवजी बिल्डरची मालाडपलीकडची जागा घ्यायला सर्वांची हरकत नाही ना? चालेल?" आणि पंचेचाळीसला माईंचे उत्तर उमटले, "हो चालेल."

आठवड्याने यादी फिरली. मालाडपलीकडे जायला तयार असलेल्यांत माईंचे नाव. कुणी कपट केले असे मी म्हणत नाही. यादी करणाऱ्याने रांग वाचली, आणि रांगेत तसेच लिहिले होते. माई यादी घेऊन माझ्याकडे आल्या. "अहो, मी भेळेला हो म्हटलं होतं हो!" त्या हसत होत्या, पण कागद धरलेला हात थरथरत होता. त्यांचे डॉक्टर ठाकुरद्वारला. सकाळचे बालाजीचे दर्शन चालत. भाजीवाली वर हाक मारून पिशवी दोरीला बांधते. या वयात त्यांना अनोळखी उपनगरातल्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

कुणी म्हणेल, खरी संमती सहीनिशी कागदावरच द्यावी लागते, त्या दोन शब्दांना काय किंमत? बरोबर आहे. पण चाळीत एकदा यादीत नाव चढले की पुढे 'नाही' म्हणणाऱ्या एकट्या बाईला दारोदार खुलासा करावा लागतो, आणि "माई फिरल्या" एवढेच गॅलरीभर होते. मी सभेत मिनिटांचा हिशेब मांडला: एक्केचाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस. एकाने लगेच तोच हिशेब उलटा लावून दाखवला. दोन मिनिटे मागे किंवा चार, यंत्रात जे लिहिलेच नाही ते वेळेवरून कसे सिद्ध होणार?

तेव्हा मी अण्णांच्या पद्धतीची एक वही आणली. दोनशे पाने, पानांवर छापील आकडे, उजवीकडे संदर्भाचा रकाना. ती पहिल्या जिन्याच्या टेबलावर दोरीने बांधून ठेवली आहे. परगावच्यांनी फोनवर सांगावे. लिहिणाऱ्याने 'यांच्या सांगण्यावरून' असे लिहून सही करावी. परदेशच्या मुलांनी थोडी थट्टा केली. पण प्रश्न आता क्रमांकाने विचारले जातात, आणि जुनी यादी रद्द झाली.

वहीत माईंचे अक्षर ओळखू येते, शाळेत पुस्ती गिरवल्यासारखे गोल.

'नोंद १७. संदर्भ: नोंद ९. नाही. मला भाडे द्यावे. मी ठाकुरद्वारला खोली बघते.

नोंद १८. संदर्भ: नोंद ११. भेळ चालेल. कांदा वेगळा ठेवावा.'